राजकीय अर्थकारण आणि पर्यावरण: पीएचडी कुठे करावी, हे ठरवताना

मराठवाड्यात विहिरी आटतात, तरी ऊस का थांबत नाही? याच्या उत्तरात एफआरपी (कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान भाव) आहे, कारखान्यांचं राजकारण आहे आणि भूजलही आहे. असा विषय असेल तर आधी तो एका पानात लिहा. खाली लागणाऱ्या पद्धती लिहा: मुलाखती, कारखान्यांचे ताळेबंद, इकॉनॉमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्रीय विश्लेषण), जीआयएस (संगणकावरचं नकाशा-विश्लेषण). यातलं तुम्हाला काय येतं आणि उरलेलं कोण शिकवणार, हे कळल्यावरच विद्यापीठांची यादी करा.

‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द माहितीपत्रकात सगळेच छापतात. म्हणून शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाऊन त्या विभागाचे अलीकडचे चार-पाच प्रबंध उघडा आणि थेट संशोधनपद्धतीचं प्रकरण वाचा. अर्थशास्त्राच्या प्रबंधाला पर्यावरणाचं ठिगळ लावलेलं दिसलं, तर तुमच्याकडूनही तेच करून घेतलं जाईल.

मग गाइड. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा आहे का, हे अर्जाआधीच ईमेलवर विचारा. दुसऱ्या शाखेतला सहमार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच कागदावर आणा. तोंडी आश्वासनावर राहिलात तर ऐन लिखाणाच्या वेळी तुमची प्रकरणं वाचायला त्या शाखेतलं कुणी नसतं.

सर्वांत जास्त फसगत पदवीवरच्या विषयाच्या नावात होते. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित किंवा संलग्न विषय’ मागतात. एमए विकास अभ्यासात आणि पीएचडीही त्यातच, असा उमेदवार अर्थशास्त्राच्या जागेसाठी छाननीत अडकू शकतो. शिकवायचंच असेल तर अर्थशास्त्रासारख्या मूळ विषयात नेट (सहायक प्राध्यापकाची पात्रता परीक्षा) काढून ठेवा. संशोधन संस्थेत जायचं असेल तर ही अडचण बरीच कमी.

बंगळुरूत अत्री (ATREE, पर्यावरण संशोधन संस्था) आणि आयसेक (ISEC, सामाजिक-आर्थिक संशोधन संस्था) इथे या विषयावर जुनं काम आहे. अत्रीची पीएचडी मणिपाल विद्यापीठामार्फत मिळते. परदेशात बार्सिलोनाची इक्टा (ICTA) ही पर्यावरण संशोधन संस्था, अमेरिकेत बर्कली विद्यापीठाचा एनर्जी अँड रिसोर्सेस ग्रुप आणि राजकीय अर्थशास्त्रासाठी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं अ‍ॅमहर्स्ट जरूर पाहा. अमेरिकेत साधारण ५-६ वर्षं लागतात, सुरुवातीला कोर्सवर्क असतं, बहुतेक अर्ज डिसेंबरच्या सुमारास. युरोपात ३-४ वर्षं, पण पगारी जागेचा विषय अनेकदा आधीच ठरलेला असतो. तुमचा ऊस तिथे बसेलच असं नाही.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या ठरावीक समाजगटांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. विभागातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एवढं नक्की विचारा: फेलोशिप किती महिने रखडते, आणि फील्डवर्कचा खर्च कोण देतं?