क्लॅटचं लॉजिकल रिझनिंग: गृहीतक उलटं करून बघा

क्लॅटमध्ये, म्हणजे कायद्याच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेत, 120 प्रश्नांना दोन तास असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो. त्यामुळे लॉजिकलचा उतारा वाचताना आधी निष्कर्ष शोधा, त्याखाली रेघ मारा, मग त्याला दिलेलं कारण बघा. या दोघांमध्ये न बोललेलं जे राहतं, ते गृहीतक. बहुतेक मुलं अडकतात ती इथेच.

समजा उताऱ्यात म्हटलंय, ‘घोडबंदर रोडवर मेट्रो येतेय, म्हणजे तिथली कोंडी कमी होणार.’ यातलं गृहीतक कोणतं? पर्याय दोन: ‘मेट्रोचं तिकीट स्वस्त असेल’ आणि ‘आज गाडीने जाणारे काही जण मेट्रोकडे वळतील’. प्रत्येक पर्याय उलटा करा. तिकीट महाग असलं तरी लोक वेळ वाचवायला मेट्रोने जाऊ शकतात, निष्कर्ष टिकतो. पण गाडीवाला एकही वळला नाही, तर कोंडी कमी व्हायला कारणच उरत नाही. म्हणजे उत्तर दुसरं.

सरावाला वर्तमानपत्राचा अग्रलेख उत्तम. ठाणे-वाशी लोकलमध्ये एक सहज होतो. आणि हो, स्वतःचं मत बाजूला ठेवा. उताऱ्यात नाही ते उत्तरात आणू नका. मला स्वतःला हीच सवय सर्वांत महत्त्वाची वाटते.