मास्क कधी उतरणार ते आधी ठरवा, मग बाहेर पडा

कोरोनामुळे मार्चपासून घरात आहोत, बघता बघता २०२० चा डिसेंबर आला. मुलांची शाळा मोबाईलमध्ये, नवऱ्याचं ऑफिस डायनिंग टेबलावर, आणि सासूबाई या नऊ महिन्यांत गेटबाहेर दोनदा गेल्या, दोन्ही वेळा दाताच्या डॉक्टरकडे. त्यामुळे "कुठेतरी जाऊन येऊया ना गं" हे आमच्याकडे दिवसातून चारदा होतं. आता थोडंथोडं जमायला लागलंय म्हणून लिहितेय. पुण्याचं लिहितेय कारण मला तेच माहितीये.

आधी आम्ही कुठे माती खाल्ली ते सांगते. भाऊबीज झाल्यावर नणंदेकडचे चौघं आणि आम्ही चौघं एका गाडीतून धरणाच्या काठाला गेलो, सासूबाई घरी होत्या. सात सीट, आठ माणसं. तिथे पोचल्यावर सगळे अगदी शहाण्यासारखे, मास्क वर, लांबलांब बसलेले, मुलांना पण ओरडत होतो. पण जाता-येता तासतासभर गाडीच्या काचा बंद, एसी चालू, मास्क हनुवटीवर आणि चिवड्याचा डबा या हातातून त्या हातात. तिसऱ्या दिवशी नणंदेच्या मिस्टरांना ताप, रिपोर्ट पॉझिटिव्ह. नशीब की आम्हाला कुणाला काही झालं नाही, पण १४ दिवस सासूबाई आतल्या खोलीत आणि ताट दाराशी. धरणावर वारा होता, चिटपाखरू नव्हतं, तिथली भीती उगाचच होती, खरा घोळ गाडीत झाला.

तेव्हापासून आमच्याकडे एकच हिशोब असतो, या सगळ्यात मास्क किती वेळा उतरणार, कुठे, आणि तेव्हा शेजारी कोण असणार. बंद जागा, गर्दी आणि जवळून गप्पा, हे तिन्ही एकत्र आले की कटाप. खायची वेळ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा मास्क नसतो आणि तोंडं चालू असतात, दोन्ही अर्थांनी.

गाडीत फक्त एका घरातली माणसं, पाहुण्यांनी आपापल्या गाडीने यावं. कुणाला बसवावंच लागलं तर एसी बंद, दोन्ही बाजूच्या काचा खाली, मास्क वर, आणि अंताक्षरी परत कधीतरी. थंडी वाजते म्हणून काचा वर करतात लोक, शाल न्या की.

टेकडीबद्दल फार सांगत नाही, पुण्यात सगळ्यांना माहितीये. वेताळ टेकडी, तळजाई मस्तच आहेत पण रविवारी सकाळी जाऊ नका, पायवाटेवर धाप लागलेली माणसं एकामागे एक. मधल्या वारी जा. चढताना मास्क घामाने ओला होतो, म्हणून माणशी एक जास्तीचा ठेवा. व्हॉल्व्हवाला नको, त्यातून आपला श्वास तसाच बाहेर येतो. पाच वर्षांखालच्या पोरांच्या मागे मास्कसाठी लागू नका, त्यांना गर्दीत नेऊच नका.

६५ च्या वरचे आणि १० च्या आतले घरीच बरे असं सरकारने २०२० मध्ये सांगितलंय, म्हणजे आमच्याकडच्या सासूबाई आणि धाकटी दोघी बाद. त्यांच्यासाठी गच्ची. हसू नका, या महिन्यात गच्चीसारखं ठिकाण नाही. सूर्य मावळला की नैऋत्येला बघा, गुरू आणि शनी शेजारीशेजारी दिसतायत, जास्त चमकतो तो गुरू. रोज थोडे जवळ येतायत आणि २१ डिसेंबर २०२० ला इतके जवळ येणार की मधलं अंतर चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाएवढं. १६२३ नंतर इतके जवळ आलेले नाहीत. धाकटी रोज वहीत दोन टिंबं काढते, खाली तारीख घालते, आजी शनी म्हटलं की हात जोडते. साडेसहा ते साडेसात ही वेळ चांगली, आठनंतर दोघं मावळतात. पाण्याच्या टाकीच्या कुठल्या बाजूने पश्चिम मोकळी दिसते ते आधीच बघून ठेवा. दुर्बीण असेल तर घरातल्या घरात, ती थेट डोळ्याला लागते, अख्ख्या सोसायटीत फिरवू नका. १३ च्या रात्री उल्का पण आहेत, मिथुन राशीतल्या, दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या म्हणजे चंद्राचा त्रास नाही. शहरात मोजक्याच दिसतील, पण सतरंजीवर आडवं पडून वाट बघण्यात मुलांचे दोन तास जातात.

आणि हुरडा! महिनाअखेरीला सुरू होईल. पैसे भरून हुरडा पार्टीला जाऊ नका यंदा, तिथे एका मांडवात पन्नास माणसं. कुणा नातेवाइकाचं शेत असेल तर तिकडे जा, आमच्या मावशीचं आहे शिक्रापूरच्या पुढे. मात्र नेहमीच्या पद्धतीने नको. नेहमी काय होतं, गोवऱ्यांच्या आगटीतून कणीस काढलं की एक काका ते गरमागरम तळहातावर चोळणार, फूऽऽ करून कोंडा उडवणार आणि तोच हुरडा सगळ्यांच्या हातावर. फुंकर मारून वाटलेला हुरडा, कोरोनाला अजून काय पाहिजे! म्हणून यंदा ज्याचं कणीस त्याने चोळायचं, कोंडा सुपात पाखडायचा, चटणी-गूळ प्रत्येकाच्या द्रोणात आधीच वाढून ठेवायचं. आगटीजवळ एका वेळी एकच घर, बाकीचे बांधावर. आणि सॅनिटायझर गाडीतच ठेवा, त्यात अल्कोहोल असतं आणि हात ओला असताना आगटीत घातला तर पेट घेईल. साबण आणि पाण्याचा कॅन न्या. तसंही राखेचे हात सॅनिटायझरने निघत नाहीत.

आणि फार लांब जाऊ नका, का ते बायकांना विचारा. तासा-दीड तासाच्या आत परत घरी येता येईल असंच ठिकाण निवडा, म्हणजे टॉयलेटच्या पायी पाणी न पिता बसायची वेळ येत नाही.

कुणाचाही घसा खवखवला की सगळ्यांचं जाणं रद्द, "थंडीची सर्दी आहे गं" चालणार नाही, आणि ज्याच्यामुळे रद्द झालं त्याला टोमणे मारायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. मंगळवारी आमची टेकडी अशीच गेली, थोरल्याला पहाटे चार शिंका आल्या. माळ्यावरून बॅग काढताना धूळ उडली होती हे नंतर कळलं. पोहे डब्यात भरून झाले होते, ते गच्चीत नेऊन खाल्ले, तो टाकीच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे.