घोट्यावरचा लाल डाग

आमच्या सहा वर्षांच्या मुलीचे पाऊल सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडण्याची अवस्था) खाली ओढले जाते, म्हणून तिला पोटरीपासून तळपायापर्यंत येणारा पॉलिप्रॉपिलीन या कडक प्लास्टिकचा एएफओ स्प्लिंट, म्हणजे घोटा व पाऊल सरळ धरणारा आधार, दिलेला आहे. मागच्या उन्हाळ्यात, इंदूरच्या उकाड्यात, तिच्या घोट्याच्या आतल्या हाडावर लाल डाग दिसू लागला. स्प्लिंट काढल्यावर अशी लाली 20 ते 30 मिनिटांत जायला हवी. ही तासभर टिकत असे, आणि जिथून स्प्लिंट घेतला तिथे ‘सवय होईल’ एवढेच सांगण्यात आले.

चूक निम्मी माझीच होती. मी पोटरीचा पट्टा आधी आवळत असे, त्यामुळे टाच वर उचललेलीच राहून घोट्याचे हाड त्याच्यासाठी ठेवलेल्या खोलगट जागेच्या वर घासत असे. आता मी तिचा गुडघा वाकवते, त्याने पोटरीचा स्नायू सैल पडतो, मग टाच मागे व खाली दाबून बसवते आणि घोट्याचा पट्टा प्रथम लावते. आत शिवण नसलेला, गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा असतो.

तरीही थोडी लाली उरली, तेव्हा हाडाच्या जागी मोज्यावर लिपस्टिक लावून स्प्लिंट घातला. प्लास्टिकवर उमटलेला ठसा दुसऱ्या ऑर्थोटिस्टना (असे स्प्लिंट बनवणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवला. त्यांनी तेवढाच भाग तापवून बाहेर फुगवला. (शेजारच्या काकांनी स्प्लिंट घरीच गॅसवर शेकण्याचा सल्ला दिला होता, तसे केल्यास सगळा आकारच बिघडतो.) स्प्लिंट मावावा म्हणून राजवाड्याजवळच्या बाजारातून एक माप मोठे बूट आणून त्यांतला आतला सुटा तळ (इनसोल) काढला. आठवड्याभरात डाग गेला.