खराब माल परत करताय? कुरिअरचा भुर्दंड टाळायचा तर या चुका टाळा

ऑनलाइन मागवलेली वस्तू फुटकी निघाली तर परतीचा खर्च विक्रेत्याने करावा, हे कुणालाही पटेल. पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये हे वाक्य असं सरळ सापडत नाही. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, असं नियम म्हणतो. परतीच्या वाहतुकीला खर्च येणार असेल तर तो खरेदीआधी स्पष्ट सांगा, असंही म्हणतो. या दोन्हींच्या मधल्या फटीत ग्राहकाचे शंभर-दोनशे रुपये अडकतात. दोष विक्रेत्याचा असताना रिफंडमधून कुरिअर कापलं, तर तो पूर्ण रिफंड नाहीच, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र दोष विक्रेत्याचा होता हे कागदावर दिसायला हवं, आणि आपण घसरतो ते इथेच.

कारण निवडताना घाई

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रिटर्नच्या पानावर कारणांची यादी येते: ‘माप बसत नाही’, ‘आता नको आहे’, ‘खराब किंवा तुटलेली वस्तू मिळाली’. तिसरं निवडलं की फोटो मागतात, कधी व्हिडिओही. तो व्याप नको म्हणून लोक ‘आता नको आहे’वर बोट ठेवतात. पिकअप चटकन मंजूर होतो, पण नोंद झालेली असते की ग्राहकाचं मन बदललं. मग अटींप्रमाणे ‘रिटर्न चार्ज’ कापला गेला तर भांडायला जागा उरत नाही. मिक्सरच्या भांड्याला तडा असेल तर तडाच लिहा. फोटोत तडा, भांड्यावरचा मॉडेल नंबर आणि खोक्यावरचं पत्त्याचं लेबल, तिन्ही येऊ द्या.

अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही म्हणून तक्रारच घेणार नाही, असं काही विक्रेते ठणकावतात. नियमांत अशी अट कुठेही नाही. तरी महागडी वस्तू असेल तर व्हिडिओ काढावा, कारण पुरावा म्हणून त्याची किंमत मोठी आहे.

‘तुम्हीच पाठवून द्या’ला लगेच हो म्हणणं

लहान गावांच्या पिनकोडवर पिकअप नसतो. इन्स्टाग्रामवरून साड्या किंवा दिवे विकणारे तर बहुधा हेच सांगतात. इथे वजनाचा घोळ होतो. कुरिअर कंपन्या बऱ्याचदा खोक्याच्या आकारावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 40 × 40 × 30 च्या खोक्यातला दिवा प्रत्यक्षात दोन किलोचा असला तरी बिल 9.6 किलोचं होतं! म्हणून आधी विक्रेत्यालाच पिकअप बुक करायला सांगा. नाहीच जमलं तर खर्च किती येईल आणि तो कुणी, कधी द्यायचा, हे चॅटवर लिहून घ्या. फोनवरच्या ‘देऊ ना मॅडम’चा काही उपयोग नाही. पावती आणि ट्रॅकिंग नंबर जपून ठेवा. पार्सल पोचलंच नाही म्हणायला वेळ लागत नाही.

परदेशातला नियम इथे लावणं

ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी साधारणपणे 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येते, आणि सदोष वस्तू परत पाठवण्याचा वाजवी खर्च विक्रेत्यानेच सोसायचा, असं तिथला 2015 चा ग्राहक हक्क कायदा स्पष्ट सांगतो. तिथल्या भावंडाने सांगितलेलं ऐकून इथे वाद घालू नका. आपल्याकडे नुसता रंग आवडला नाही म्हणून परत करायचं असेल तर त्या दुकानाची पॉलिसीच चालते, आणि त्यात कुरिअरचा खर्च तुमच्यावर असू शकतो.

‘नो रिटर्न’ वाचून गप्प बसणं

बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तोंडाला पानं पुसली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मागणीत वस्तूची किंमत लिहून थांबू नका: आधी भरलेला डिलिव्हरी चार्ज आणि परतीच्या कुरिअरची रक्कम वेगवेगळ्या ओळींवर मांडा आणि पावत्यांच्या प्रती जोडा.