बँडसॉचा पट्टा घेताना या चुका टाळा

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं सुतारकामाचं दुकान आहे. इकडे सागवानाला तोटा नाही आणि आता गावागावात छोट्या बँडसॉ मशीनही, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्यानं लाकूड कापणाऱ्या मशीन, आल्या आहेत. आठवड्यातून एकदा तरी कुणी वाढई नाहीतर नवीन मशीन घेतलेला एखादा पोट्टा तुटलेला पट्टा हातात घेऊन दारात उभा राहतो. "भाऊ, पट्टा नवाकोरा हाये, तरी रेघ सोडून पळून राह्यला." मशीन खराब निघाली, असं त्याचं आधीच ठरलेलं असतं. मी पट्टा हातात घेऊन पाहतो. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असते आणि चूक पट्टा विकत घेतानाच झालेली असते. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं पाहतो आहे, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

जोड न पाहता पट्टा घेणं

माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी चूक. बँडसॉचा पट्टा म्हणजे गुंडाळीतून कापलेली पोलादी पट्टी, दोन्ही टोकं वेल्डिंगनं जोडून केलेलं कडं. पोलाद कितीही भारी असलं तरी जोड जितका टिकेल तितकाच पट्टा टिकतो. हिशेब करून पाहा. माझ्या मशीनची चाकं 14 इंची, पट्टा साडेत्र्याण्णव इंच लांब. तो मिनिटाला साधारण 3000 फूट धावतो, म्हणजे मिनिटाला 385 फेऱ्या झाल्या. दर फेरीला जोड वरच्या चाकावर एकदा वाकतो, खालच्या चाकावर एकदा. तासाभरात 46,000 च्या वर वाकणं झालं. आता सांगा, जोडाकडे न बघता पट्टा पिशवीत टाकून घरी यायचं कसं?

मी एकदा तसाच आलो होतो. लग्नसराईचे दिवस, दिवाण आणि कपाटांची कामं अंगावर. नागपूरला लकडगंजात लाकूड पाहायला गेलो असताना जवळच्या एका गल्लीत स्वस्तात पट्टे जोडून देणारं दुकान दिसलं. तीन पट्टे करून घेतले. पहिला चढवला तेव्हाच टकटकटक असा आवाज येत होता आणि फळी हाताला बारीक हिसके देत होती. मला तो आवाज कळत होता. पण गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी, म्हणून काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहा इंची सागवान उभं चिरत असताना सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. पट्टा तुटून खालच्या कव्हरमध्ये गोळा झाला आणि खालच्या चाकाचं रबर निम्मं फाटलं. कव्हरची दोन्ही दारं बंद होती म्हणून माझ्या हाताला काही झालं नाही.

तुटलेलं टोक उन्हात धरून पाहिलं. पट्टा बरोबर जोडावर तुटला होता, काच तुटावी तसा सरळ, आणि तुटलेल्या कडेला जाडसर करडे कण दिसत होते. वेल्डिंग पक्कं झालं होतं, पण दुकानदारानं जोड नरमवला नव्हता. वेल्डिंग झालं की जोड झटकन गार होतो आणि तिथलं पोलाद ठिसूळ होतं. म्हणून त्याच वेल्डिंग मशीनवर जोड पुन्हा तापवायचा, मंद लाली आली की हळूहळू निवू द्यायचा. दोन-तीन मिनिटांचं काम. घाईतला दुकानदार नेमकी तीच मिनिटं वाचवतो. उरलेले दोन पट्टे मी मशीनला लावलेच नाहीत.

तेव्हापासून माझी सवय अशी. दुकानातच पट्ट्याचा जोड दोन्ही हातांत धरून चाकाच्या गोलाईइतका हळूच वाकवतो. बाकीचा पट्टा जसा वळतो तसाच जोडही वळला पाहिजे. तिथं सपाट भाग राहिला तर जोड कडक आहे, टोकदार घडी पडली तर जास्त नरम आहे. मग पट्ट्याच्या पाठीला, म्हणजे दातांच्या उलट कडेला, फूटपट्टी लावतो. जोडाशी पाठ सरळ नसेल तर दर फेरीला पट्टा मागेपुढे होणार. त्यानंतर पाठीकडून दोन्ही बाजूंनी जोडावर बोट फिरवतो. गाठ हाताला लागता कामा नये, आणि गाठ घासताना पट्टीच पातळ केलेली असेल तर तोही पट्टा नको. शेवटी जोडाजवळच्या दोन दातांमधलं अंतर बाकीच्या दातांइतकंच आहे ना, ते पाहतो. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. जो दुकानदार एवढं पाहू देत नाही, त्याच्याकडून मी पट्टा घेत नाही, मग तो कितीही स्वस्त देवो.

सगळ्या कामांना एकच पट्टा

ही माझ्या रागाची दुसरी चूक. नवीन पोट्टे मोबाइलवर व्हिडिओ बघतात, मशीनसोबत आलेला पट्टा चढवतात आणि त्यावरच ओंडकाही चिरतात, प्लायही कापतात आणि नक्षीही काढतात. वर म्हणतात, मशीनमध्ये दम नाही.

पट्ट्याचे दात मोजतात ते इंचाला किती यावर. जुना आणि सोपा नियम असा की कापताना कमीत कमी तीन दात लाकडात असावेत, सहा ते बारा असले तर उत्तम, आणि चोवीसच्या वर जाऊ नयेत. इंचाला 14 दातांचा पट्टा सहा इंची लाकडात घातला तर एका वेळी 84 दात आत राहतात. दोन दातांमधल्या खाचेत भुसा मावत नाही, तो तिथंच दबतो, घासतो, पट्टा तापतो, लाकूड काळं पडतं आणि पट्टा वाट सोडतो. त्याच लाकडाला इंचाला 3 दातांचा पट्टा लावा, 18 दात आत राहतील आणि भुसा मोकळा बाहेर पडेल. उलट 12 मिमीच्या प्लायला 3 दातांचा पट्टा लावला तर एका वेळी जेमतेम दीड दात लागतो आणि कडा उसवून निघतात. तिथं 10 ते 14 दातांचा हवा. लोखंड कापायचे 18 किंवा 24 दातांचे पट्टे सहज मिळतात म्हणून लोक जाड लाकडालाही लावतात. कृपा करून लावू नका.

दातांइतकीच रुंदी महत्त्वाची. ते मला तान्ह्या पोळ्याच्या बैलांनी शिकवलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यामुळे श्रावण लागला की दुकानात बैलच बैल. दोन इंची शिवणीच्या फळीवर बैलाची बाजू आखायची आणि बँडसॉवर कापायची, मग पाय आणि चाकं वेगळी बसवायची. एका वर्षी माझा भाचा मदतीला आला होता. मशीनवर आदल्या दिवशीचा सहा सुती, म्हणजे पाऊण इंची पट्टा तसाच होता. पाठीची रेघ छान आली, पण वशिंडाच्या मागचा बाक आला आणि पट्टा वळेना. त्यानं फळी जोर लावून फिरवली. पट्टा पिळला गेला, गाइडला, म्हणजे पट्ट्याला बाजूंनी सरळ धरणाऱ्या आधाराला, घासून ठिणग्या उडाल्या, आणि वशिंडाचा अर्धा भाग तुटून खाली पडला. "मामा, हा पट्टा वळूनच नाही राह्यला!" म्हणत तो चालू मशीनवरच फळी मागे ओढायला लागला. मी ओरडून मशीन बंद करायला लावली. चालू मशीनवर बाकातून फळी मागे ओढली की पट्टा चाकांवरून निसटतो.

पाऊण इंची पट्टा साधारण साडेपाच इंच त्रिज्येच्या आत वळत नाही. अर्धा इंची अडीच इंचापर्यंत येतो. दोन सुती, म्हणजे पाव इंची, पाच सुतांच्या त्रिज्येत वळतो. वशिंडाचा बाक इंचभर त्रिज्येचा असतो, तिथं सहा सुती पट्टा वळणार कसा? आता श्रावण लागला की मी इंचाला 6 दातांचा दोन सुती पट्टा चढवतो आणि बैल संपेपर्यंत उतरवत नाही. शिंगांपाशी आणि मानेखाली कडेकडून आधी सरळ काप मारून ठेवतो, म्हणजे बाक कापताना तुकडे आपोआप सुटत जातात आणि पट्ट्याला जागा मिळते.

फार नको, तीन पट्टे जवळ ठेवा: चिरायला रुंद आणि 3 दातांचा, रोजच्या कामाला अर्धा इंची 6 दातांचा, वळणांना पाव इंची. प्लायचं काम जास्त असेल तर चौथा बारीक दातांचा. बदलायला दहा मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर बँडसॉच्या नादी लागू नका.

जाड पट्टा म्हणजे मजबूत पट्टा?

नाही. छोट्या चाकावर जाड पट्टा लवकर तुटतो, कारण तो जास्त ताणानं वाकतो. 14 इंची चाकाला 0.5 ते 0.6 मिमी जाडी पुरते. 0.9 मिमीचा पट्टा मोठ्या चाकांसाठी असतो. दुकानदार तो "हेवी ड्यूटी" म्हणून गळ्यात मारतो आणि पंधरा दिवसांत दातांमधल्या खाचांत बारीक चिरा दिसायला लागतात.

लांबी अंदाजानं सांगू नका. जुना पट्टा तुटला असेल तर तो सरळ करून मोजा. तोही नसेल तर ताणाचं, म्हणजे वर-खाली सरकणारं, चाक त्याच्या सरकण्याच्या मध्यावर आणा, दोन्ही चाकांच्या केंद्रांमधलं अंतर दुप्पट करा आणि त्यात चाकाचा व्यास गुणिले 3.14 मिळवा.

साधं कार्बन पोलाद की बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेला पट्टा? सागवानात सिलिका असते, ती दात लवकर मारते. बाभूळ, धावडा तर विचारूच नका. बायमेटलचे दात हायस्पीड पोलादाचे असतात. किंमत जास्त, पण रोज सागवान कापणाऱ्याला शेवटी तोच स्वस्त पडतो. महिन्यातून चार दिवस मशीन लावणाऱ्यानं कार्बनचा घ्यावा, फक्त जोड चांगला पाहून. आणि मोठ्या आरागिरणीच्या रुंद पट्ट्याला धार लावतात ते पाहून आपल्या छोट्या पट्ट्यावर कानस चालवू नका. त्याचे दात कडक केलेले असतात, कानस घसरते आणि एका बाजूचे दात कमी-जास्त झाले की पट्टा त्या जन्मात सरळ कापत नाही.

नावावर जाऊ नका, पट्टीवर काय छापलंय ते वाचा. चांगली कंपनी रुंदी, जाडी आणि दात पट्टीवरच ठरावीक अंतरानं छापते. नुसत्या खोक्यावर नाव आणि पट्टी कोरी असेल तर सोडून द्या. मी तर गुंडाळी माझ्यासमोर उघडायला लावतो.

तुटलेला पट्टा फेकण्याआधी वाचा

कुठून तुटला यावरून दोष कुणाचा ते कळतं. जोडावर तुटला तर जोडणाऱ्याचा. दातांमधल्या खाचेतून चीर सुरू झाली असेल तर बोथट पट्ट्यावर जोर लावलात, ताण जास्त दिलात किंवा पट्टा चाकाच्या मानानं जाड आहे. पाठीकडून चीर आली असेल तर पट्ट्याला मागून आधार देणारं बेअरिंग सतत घासत होतं. काप चालू नसताना बेअरिंग पट्ट्याला टेकता कामा नये, अर्धा मिमी मागे ठेवा. बाजूच्या गाइडमध्ये कागदाएवढी फट हवी आणि दात गाइडच्या पुढे राहिले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच मिनिटाला दातांची धार गेली समजा.

पट्टा बोथट झाला असं वाटलं तर आधी तो उतरवून बघा. कित्येकदा दातांवर नुसता डिंक बसलेला असतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवा, ब्रशनं घासा, लगेच पुसून तेल लावा. माझ्याकडे टाकून दिलेले दोन पट्टे असे परत कामाला आले आहेत.

नवीन पट्टा लावल्या लावल्या कापतच नसेल तर दात बघा, ते खाली टेबलाकडे हवेत. वर असतील तर पट्टा आतून बाहेर उलटा करा.

ताण कमी असला तरी पट्टा भटकतो. मी मशीनची विजेची पिन काढून गाइड टेबलापासून सहा इंच वर नेतो आणि पट्टा बोटानं बाजूनं दाबतो. दोन सुतांपेक्षा जास्त हलला तर अजून ताणतो. संध्याकाळी काम संपलं की ताण सैल. आणि आमच्या खेड्यातला व्होल्टेज! संध्याकाळी सगळीकडे मोटारी सुरू झाल्या की मशीनचा दम जातो. तेव्हा लाकूड ढकलू नका, थांबा. जाड चिराईचं काम मी सकाळीच उरकतो.

धुऱ्यावरची बाभूळ किंवा गावातला कडुनिंब कापायला आला तर त्यात कुंपणाची तार नाहीतर फलकाचा खिळा असणारच असं धरून चाला. जुन्या वाड्याच्या तुळया तर आणखी धोक्याच्या. मी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून लाकडाच्या चारही बाजूंनी फिरवतो. ओढ लागली की तिथं खडूची खूण करतो. झाड वाढताना खोल आत गेलेला खिळा चुंबकाला नेहमी सापडत नाही, म्हणून लाकडावर निळसर-काळा डागही शोधतो. सागवानात, बाभळीत लोखंड असलं की असा डाग पडतो.

पावसाळ्यात पट्टे उघडे टांगले तर आठ दिवसांत तांबतात. हलकं तेल पुसून, तीन वेढे घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. प्रत्येकावर चिठ्ठी बांधा: रुंदी, दात, कधी आणला, कुठे जोडला. वेढे सोडताना हातमोजे आणि चष्मा घाला, लेकरांना लांब उभं करा आणि पट्टा तोंडापासून दूर धरून सोडा. तो उसळतोच.