ब्राझील शिकवायचा, तर उसाच्या फडातून

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत भूगोलाचे शिक्षक म्हणून रुजू झालात, तर दहावीचा वर्ग कधी ना कधी तुमच्याकडे येणारच. आणि दहावी म्हटलं की ब्राझील. राज्य मंडळाचं हे पुस्तक भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून पुढं जातं: स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, व्यवसाय. नवा शिक्षक टाचणवहीत तोच क्रम उतरवतो आणि प्रत्येक मथळ्याला दोन-तीन तासिका वाटून देतो. मुलं लिहून घेतात, घटक चाचणीत गुणही पडतात. पण महिन्याभरानं विचारलं तर हाती लागतात सुटे तुकडे: ॲमेझॉन, कॉफी, पेले.

मी बरीच वर्षं हा घटक शिकवते आहे. नव्यानं येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की घटक नियोजन एका प्रश्नावरून करा. प्रश्न असा निवडा की त्याचं उत्तर शोधताना पुस्तकातले सगळे मथळे एकेक करून लागतील, आणि त्याचा एक पाय मुलांच्या अंगणात असेल.

माझा प्रश्न हा: मार्चच्या सुमाराला आपल्या साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप हंगाम संपतो, आणि एप्रिलमध्ये ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातले साखर कारखाने सुरू होतात. असं का?

जगात सर्वांत जास्त ऊस ब्राझीलमध्ये पिकतो, वर्षाला 60 कोटी टनांहून जास्त, आणि त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या साओ पावलोत. एवढं सांगितलं की करवीर, कागल, शिरोळची मुलं सावरून बसतात. तुलना करताना प्रमाणाचं भान मात्र ठेवा. 85 लाख चौरस किलोमीटरचा देश आणि आपला जिल्हा शेजारी ठेवून काही कळत नाही. साओ पावलो राज्य सुमारे 2.48 लाख चौरस किलोमीटरचं आहे आणि महाराष्ट्र सुमारे 3.08 लाखांचा. ही जोडी जमते.

पहिल्या तासिकेत नकाशा, तोही पृथ्वीगोलावर. भिंतीवरच्या बऱ्याच नकाशांत ग्रीनलँड ब्राझीलएवढं दिसतं. प्रत्यक्षात ब्राझील त्याच्या जवळपास चौपट आहे. मकरवृत्त साओ पावलोतून जातं हे मुलांना स्वतः बोटानं शोधू द्या.

दुसऱ्या तासिकेला घाई करू नका. वर्गाचे दोन गट करा. एका गटानं कोल्हापूरच्या बारा महिन्यांच्या पावसाचा स्तंभालेख काढायचा, दुसऱ्यानं साओ पावलोचा, दोन्ही बटर पेपरवर आणि एकाच मापानं. मग एक कागद दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचा. आपले उंच स्तंभ जून ते सप्टेंबर, त्यांचे डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यांच्याकडे जानेवारीत 200 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ऑगस्टमध्ये 50 च्या आत. एकाचे डोंगर दुसऱ्याच्या खिंडीत जाऊन बसतात. या क्षणी शिक्षकानं बोलू नये.

थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतंच, ‘त्यांचे ऋतू उलटे, म्हणून हंगाम उलटा.’ हे उत्तर अर्धं आहे. लगेच पुढचा प्रश्न टाका: पावसाळ्यात ऊस का तोडत नाहीत? इथं पुस्तक मिटून ठेवावं, कारण उत्तर मुलांच्या घरात आहे. मागच्या बाकावरून हमखास येतं, ‘मॅडम, पावसात रानातनं गाडी निघंल का? वाफसाच येत न्हाई.’ दुसरा म्हणतो, ‘थंडी पडल्याबिगर उतारा चढत न्हाई.’ दोघंही बरोबर. पावसात रान गाडी जाण्याइतकं सुकत नाही, म्हणजे वाफसा येत नाही. आणि थंड, कोरड्या दिवसांत उसाची वाढ मंदावते, कांड्यात साखर साठते आणि उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, वाढतो. साओ पावलोतही तोडणी कोरड्या हिवाळ्यात चालते, एप्रिल ते नोव्हेंबर. म्हणजे दोन्हीकडे नियम एकच, पंचांग वेगळं. भूगोलात कधी मान वर न करणारी मुलं या तासाला शिकवणारी होतात, आणि वर्षभर त्यांची तुमच्याशी गट्टी राहते.

यानंतर प्राकृतिक रचना. छेद काढायला लावा: कोकण किनारा, गगनबावड्याचा घाट, कोल्हापूर, शिरोळ. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि शिरोळला त्याचा दहावा हिस्सा. शेजारी साओ पावलोचा छेद: सांतोस बंदर, मग 800 मीटरच्या आसपास उभा चढणारा अजस्र कडा, वर पठार, आणि उतार आत पश्चिमेकडे. आपल्या छेदाचं हे आरशातलं रूप. तिएते नदी अटलांटिकपासून जेमतेम 22 किलोमीटरवर उगम पावते, पण समुद्राकडं पाठ फिरवून हजाराहून अधिक किलोमीटर आत वाहत जाते आणि पराना नदीला मिळते. नरसोबाच्या वाडीचा संगम पाहिलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. कृष्णाही अरबी समुद्रापासून सुमारे 64 किलोमीटरवर उगम पावून बंगालच्या उपसागराला जाते. जलप्रणालीचं प्रकरण इथंच निम्मं होतं.

साम्य दाखवलं की फरकही तितक्याच ठळकपणे दाखवा, नाहीतर मुलांना वाटतं ब्राझील म्हणजे समुद्रापलीकडचा कागल तालुका. आपला ऊस उपसा जलसिंचनावर आणि पाटावर उभा. साओ पावलोतला बहुतेक पावसावर. आपण एखाद-दुसरा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) ठेवतो. ते एका लागणीवर पाच-सहा तोडण्या घेतात. आपल्याकडे कोयता; तिकडे यंत्रं. उसाचा पाला जाळून तोडणी करण्याची पद्धत हळूहळू बंद करणारा कायदा साओ पावलो राज्यानं 2002 मध्ये केला, आणि त्यानंतर यंत्रतोडणी झपाट्यानं वाढली. हा भाग शिकवताना एक काळजी घ्या. हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतली मुलं तुमच्याच वर्गात असू शकतात. यंत्र आल्यावर तोडणाऱ्या माणसांचं काय झालं असेल, हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारायचाच, पण ती पोरं उदाहरण म्हणून उभी करायची नाहीत. त्यांना बोलायचं असेल तर ती बोलतील.

ॲमेझॉनची वाट मुलं पहिल्या दिवसापासून पाहत असतात. मी तो मुद्दाम उशिरा आणते, प्रश्न म्हणून: साओ पावलोला उन्हाळ्यात पाऊस येतो कुठून? त्यातला मोठा वाटा ॲमेझॉनच्या जंगलावरून येणाऱ्या बाष्पाचा. झाडं पाणी हवेत सोडतात, वारे ते पश्चिमेला नेतात, अँडीज पर्वत आडवा येतो आणि बाष्प दक्षिणेला वळतं. शास्त्रज्ञ याला उडत्या नद्या म्हणतात. मग जंगलतोडीचा मुद्दा सुविचारासारखा फळ्यावर लिहावा लागत नाही. तो थेट उसाच्या पिकाशी येऊन भिडतो. एक गैरसमज मात्र जाताजाता दूर करा: ॲमेझॉनची तोड मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी होते. साओ पावलोचा ऊसपट्टा तिथून फार लांब दक्षिणेला आहे.

इतिहासाला एक पूर्ण तास द्याच. मार्तिम अफोंसो दी सोझा या पोर्तुगीज सरदारानं 1532 मध्ये साओ व्हिसेंटे वसवलं, आणि ब्राझीलमधल्या सुरुवातीच्या साखर घाण्यांपैकी काही तिथं उभे राहिले. हाच माणूस 1542 ते 1545 गोव्यात पोर्तुगीजांचा गव्हर्नर होता. गोवा आपल्यापासून काही तासांवर. आणि चंदगड, आजऱ्याच्या मुलांना सांगा की त्यांच्या बागेतलं काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी आणलेलं. पण या गमतीशीर दुव्यांवर थांबू नका. त्या साखरेसाठी आणि पुढं सोनं-कॉफीसाठी सुमारे 48 लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून ब्राझीलला नेली गेली, आणि गुलामगिरी तिथं संपली ती थेट 1888 मध्ये. लोकसंख्येचं प्रकरण हे सांगितल्याशिवाय शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं.

अर्थव्यवस्था दोन मुद्द्यांत उरकते. 1975 मध्ये ब्राझीलनं उसापासून इथेनॉल करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आज तिथले बरेच कारखाने दर पाहून साखर करायची की इथेनॉल, ते ठरवतात, आणि त्याचा परिणाम जगाच्या साखर दरावर होतो. आणि भारताच्या ऊस-साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत 2019 मध्ये तक्रार करणाऱ्यांत ब्राझील होता. घरी एफआरपीची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराची, चर्चा ऐकणाऱ्या मुलाला दुसरा मुद्दा लगेच कळतो. पेठांतल्या मुलांना फुटबॉल हवाच असतो. तो मी शहरांच्या वाढीबरोबर घेते.

मूल्यमापनासाठी एक प्रश्न देते, तो जरूर वापरा. ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या पावसाचा आलेख शहराचं नाव न लिहिता द्यायचा, फक्त ‘8° दक्षिण’ एवढंच सांगायचं, आणि विचारायचं: इथं ऊस कधी तोडत असतील? तिथं जोराचा पाऊस एप्रिल ते जुलैमध्ये पडतो. ज्यांनी ‘दक्षिण गोलार्ध म्हणजे उलटं’ एवढंच पाठ केलंय, ते एप्रिल लिहितात. जी मुलं स्तंभ बघतात, ती सप्टेंबर ते मार्च लिहितात, म्हणजे जवळपास आपलाच हंगाम, आणि ते बरोबर आहे. उत्तराला एक गुण ठेवा, कारणाला तीन.