हनोईजवळची कारागिरांची गावं एका दिवसात कशी बघावीत

अगरबत्ती जळून संपली की मागे बोटभर काडी उरते. आपल्या देवघरातली ही काडी वर्षानुवर्षं बऱ्याचदा व्हिएतनामहून यायची, हे मला हनोईच्या दक्षिणेला क्वांग फू काऊ नावाच्या गावात उभं राहिल्यावर कळलं. ऑगस्ट 2019 मध्ये भारताने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले, 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर नेलं, आणि इथल्या अंगणांना त्याची झळ बसली. आपल्याकडच्या अगरबत्तीवाल्यांना त्यातून दिलासा मिळाला, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

हनोईच्या आसपास एकेक धंदा धरून बसलेली अशी हजारावर गावं आहेत. त्यातली बरीचशी पूर्वीच्या हा ताय प्रांतातली. हा प्रांत 1 ऑगस्ट 2008 ला हनोईत विलीन झाला. शहराच्या जुन्या भागात रस्त्यांची नावं 'हांग'ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक म्हणजे चांदीचा रस्ता. आपल्याकडची तांबट आळी किंवा बोहरी आळी आठवा, म्हणजे प्रकार लगेच कळेल. फरक इतकाच की या रस्त्यांवर विकला जाणारा बराचसा माल घडायचा तो बाहेरच्या गावांत, आणि पुष्कळ गावांत तो अजूनही घडतो.

ही गावं बघायला गाईडसह दिवसभराच्या सहली मिळतात. आमची पहिली सहल पार फसली. 'एका दिवसात पाच गावं' अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात पाच दुकानं बघितली आणि उरलेला वेळ गाडीत बसून काढला. दुसऱ्या खेपेला तीनच गावं घेतली आणि दिवस कसा गेला कळलं नाही. ते जमवायचं कसं, ते सांगतो.

पायरी 1: आधी दिशा ठरवा, गावं नंतर

नकाशावर लाल नदी शोधा. हनोईहून दोन सोयीच्या दिशा आहेत आणि एका दिवसात एकच घ्यायची.

दक्षिणेची वाट: शहरापासून साधारण 10 किलोमीटरवर वान फुक हे रेशमाचं गाव, पुढे त्याच रस्त्याने चुओंग हे टोप्यांचं गाव, आणि जवळपास 35 किलोमीटरवर क्वांग फू काऊ, म्हणजे अगरबत्तीच्या काड्यांचं.

पूर्वेची वाट: नदी ओलांडली की बाट ट्रांग, हे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. हनोईच्या तोंडी याचा उच्चार 'बात चांग' असा येतो, तेव्हा ड्रायव्हर दुसरीकडेच नेतोय म्हणून घाबरू नका. तिथून पुढे बाक निन्ह प्रांतात डोंग हो, लाकडी ठशांच्या चित्रांचं गाव.

पहिल्यांदाच जात असाल तर दक्षिणेची वाट घ्या. लहान मुलं बरोबर असतील तर पूर्वेची, कारण बाट ट्रांगला त्यांना कुंभाराच्या चाकावर बसून भांडं करता येतं. दोन्ही एका दिवसात कोंबणारी सहल मिळतेच. ती घेऊ नका.

जुन्या लेखांतले पत्ते बघून गोंधळायला होतं. व्हिएतनामने जुलै 2025 पासून जिल्हा हा स्तरच रद्द केला, त्यामुळे नकाशात तालुका-जिल्ह्याऐवजी गावाचं नाव टाकून शोधा.

पायरी 2: तारीख तिथीवर बघा

ही पायरी लोक हमखास विसरतात. चुओंगचा टोप्यांचा बाजार चांद्र महिन्याच्या 4, 10, 14, 20, 24 आणि 30 या तारखांना भरतो, तोही भल्या पहाटे. नऊच्या सुमाराला पोचलात तर टोप्यांच्या चळती सायकलींवर आणि स्कूटरवर बांधून निघालेल्या दिसतील, बस्स. व्हिएतनामी चांद्र महिना अमावास्येपासून सुरू होतो आणि 15 तारखेच्या आसपास पौर्णिमा येते. म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरवरून अंदाज बांधता येतो. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो गाईडकडून पक्का करून घ्या.

जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा या काळात कधीतरी तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष येतं. तेतच्या दिवसांत गावं बंद, सगळे आपापल्या घरी. पण तेतच्या आधीचे दोन-तीन महिने अगरबत्तीच्या गावाची सुगी, कारण घरोघरी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लागतात. तेत झाला की हनोईत बारीक भुरभुर पाऊस सुरू होतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत रेंगाळतो. छत्रीचं काम नाही, पण काड्या वाळत नाहीत. वाळत घातलेलं काही नसेल तर क्वांग फू काऊला बघण्यासारखं फार थोडं उरतं. ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यांत बरं.

पायरी 3: पैसे भरण्याआधी चार प्रश्न

सहलीच्या कंपनीला लेखी, मेसेजवर विचारा: प्रत्येक गावात नक्की किती वेळ? कोणाच्या घरी किंवा कारखान्यात काम चालू असताना बघायला मिळेल? अंगणात फोटो काढायचे पैसे तिकिटात धरलेत का? आणि दुकानात थांबणं बंधनकारक आहे का? दुसऱ्या प्रश्नाला 'शोरूम' असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा. चार जण असाल तर खासगी गाडी आणि गाईड गटाच्या सहलीपेक्षा फारसे महाग पडत नाहीत, शिवाय सकाळी सहाला निघता येतं.

पायरी 4: जेवणाचं आदल्या दिवशी सांगा

शाकाहाराला तिथे 'आन चाय' म्हणतात. हा शब्द हिंदी चहासारखा वाटतो म्हणून आमच्यातल्या एकाने तो हसत हसत उच्चारला आणि समोर खरंच चहा आला! त्यापेक्षा फोनवर व्हिएतनामी लिपीत लिहून दाखवा. नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही, कारण माशाचं पाणी, 'नुओक माम', त्यांच्या भाजीतही असतं. चांद्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला बरेच व्हिएतनामी स्वतःच शाकाहारी जेवतात, तेव्हा त्या दिवशी सोय पटकन होते. तरी पिशवीत दशम्या आणि चटणी असू द्या.

पायरी 5: गावात गेल्यावर

आधी काम, मग दुकान. गाईडला हे गाडीतच सांगून ठेवा.

क्वांग फू काऊला सगळे लाल फुलांच्या फोटोसाठी येतात. ती फुलं म्हणजे काड्यांच्या जुड्या: बुंधा घट्ट बांधलेला आणि वरचं टोक पिळून उलगडलेलं, म्हणजे ऊन आतपर्यंत लागतं. फोटोसाठी मांडलेली अंगणं वेगळी असतात. तिथे माणशी साधारण 50,000 डाँग घेतात, म्हणजे ढोबळ हिशेबाने दीड-पावणेदोनशे रुपये. ते देऊन टाका, घासाघीस करू नका, कारण घरच्यांचं काम त्यांनी तुमच्यासाठी अडवलेलं असतं. पण तिथेच थांबू नका. मागच्या गल्लीत बांबू चिरायची यंत्रं चालू असतात, हवेत भुसा उडत असतो, आणि एखादी बाई जुडीचं फक्त एक टोक रंगाच्या टाकीत बुडवून काढत असते. काडी पूर्ण रंगवत नाहीत, हातात धरायचा भागच लाल होतो. त्या बाईचे हात कोपरापर्यंत गुलाबी झालेले होते. फोटो काढण्याआधी हाताने खूण करून विचारा. वयस्कर बाईला 'बा' म्हणायचं, म्हणजे आजी. 'चाव बा' एवढं म्हटलं तरी स्टूल पुढे येतं.

चुओंगमध्ये जास्त वेळ ठेवा. नोन ला, म्हणजे ती शंकूची टोपी, आपण चित्रांत हजारदा बघितलेली असते, पण ती होते कशी ते बघताना मी तासभर एका ओट्यावर बसून राहिलो. ताडाच्या जातीचं पान उन्हात वाळवून पांढुरकं करतात, मग तापलेल्या लोखंडावर ठेवून चिंध्यांच्या बोळ्याने दाबत सरळ करतात. इस्त्रीच, पण अंदाज हाताचा. लोखंड जास्त तापलं तर पान करपतं, कमी तापलं तर पुन्हा गुंडाळतं. लाकडी साच्यावर बांबूच्या 16 बारीक कड्या, सगळ्यांत खालची मोठी आणि टोकाची अंगठीएवढी. त्यावर पानांचा एक थर, मध्ये बांबूच्या कोंबाचं साल, वर पुन्हा पानं. मग कडीकडीला धागा. टाके इतके बारीक की बाहेरून शोधावे लागतात. शिवताना आजी बोलत होत्या, टीव्हीकडे बघत होत्या, टोपीकडे मात्र क्वचितच.

वान फुकला रंगीत छत्र्या टांगलेला रस्ता आहे. तो पाच मिनिटांत बघून व्हावा. ऐकायचा तो मागांचा खडखडाट. इथलं नाव आहे 'लुआ वान' नावाच्या रेशमाचं. नक्षी आणि पोत एकाच रंगाचे, त्यामुळे कापड तिरपं धरलं तरच वेल दिसते. पैठणीच्या पदरातला मोर लांबूनही ओरडून सांगतो, इथली वेल जवळ बोलावते. पैठणीची नक्षी विणकर हाताने धागे अडकवत भरतो, इथे छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर माग चालतो.

पूर्वेला गेलात तर बाट ट्रांगच्या जुन्या गल्ल्यांत भिंतींकडे बघा. भट्ट्या कोळशावर चालायच्या तेव्हा ओल्या कोळशाच्या थापट्या भिंतीवर वाळत घालायचे, अगदी आपल्याकडच्या गोवऱ्यांसारख्या. आता बहुतेक भट्ट्या गॅसच्या. चाकावर तुम्ही केलेली वाटी त्याच दिवशी भाजून मिळत नाही. बरेचदा नुसती वाळवून, रंगवून हातात देतात. तिच्यात चहा ओतलात तर चिखल होईल, शोभेलाच ठेवा.

डोंग होला चित्रांचा कागद हातात घ्या आणि उजेडात हलवा. झाडाच्या सालीच्या कागदावर शिंपल्यांची पूड लावलेली असते, ती चमकते. काळा रंग बांबूच्या पानांच्या कोळशाचा, निळा निळीचा, पिवळा होए झाडाच्या फुलांचा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. 'उंदरांचं लग्न' हे चित्र मागा: उंदरांची वरात निघालीय आणि वाटेत बसलेल्या मांजराला लाच म्हणून पक्षी आणि मासा देतायत. बघितल्याबरोबर आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीची आठवण येते.

वेळ उरला तर जवळच दाऊ पॅगोडा आहे. 580 मध्ये विनीतरुची नावाचा भारतीय भिक्षू इथे येऊन राहिला, असं तिथली परंपरा सांगते. दुकानापेक्षा तो अर्धा तास मला जास्त आवडला.

पायरी 6: खरेदी आणि बांधाबांध

20,000 आणि 5,00,000 डाँगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात एकीऐवजी दुसरी हातातून जाते, म्हणून मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

वान फुकच्या प्रत्येक दुकानातलं कापड गावात विणलेलं असतंच असं नाही. दुकानदाराला किनारीचा एक धागा जाळून दाखवायला सांगा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. नकली धाग्याचा कडक मणी होतो. जाळायला तो का-कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

भांडी कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत. चित्रं पुठ्ठ्याच्या नळीत मागा, बहुतेक ठिकाणी देतात. टोपी बॅगेत घालायचा प्रयत्न करू नका, कडा मोडतात. एकात एक बसवून चार-पाच टोप्यांची चळत करा, हनुवटीच्या फितीने बांधा आणि विमानात डोक्यावर घालून या. मुंबईला रिक्षात बसताना तेवढी काढावी लागते.